कुंकू पुसलं होतं

५ जानेवारी १९८७, सोमवार

दिवा चालला! तीनदा बंद करून पुन्हा चालू केला, तिन्ही वेळा चालला.

डॉ. हरकरे स्वतःच पहिले बसले खुर्चीत. कपाळाला रबरी पट्टा. पट्ट्यात दोन बारीक दिवे, एक लाल, एक डोळ्यांना न दिसणारा, आणि शेजारी परत येणारा उजेड टिपणारा शेंगदाण्याएवढा तुकडा. उजेड कातडीतून, हाडातून आत शिरतो, थोडासा परत येतो. माणूस डोकं चालवायला लागला की कपाळामागच्या भागात रक्त वाढतं, परतीचा उजेड बदलतो, कागदावर सुई सरकते. बस, एवढंच. परदेशात हे नुकतं सुरू झालंय. आमचं इथल्या, नागपूरच्या जरीपटक्यातल्या दुकानांतल्या सुट्या भागांचं आहे, पण चाललं.

"आता डोकं चालवा," मी म्हटलं. म्हणाले, कशावर? म्हटलं, भाज्यांची नावं सांगा, एक मिनिट. बटाटा, कांदा, टोमॅटो... आणि गाडी अडली. स्वयंपाकघरात कधी पाय ठेवला असेल तर ना! सुई मात्र चांगली बोटभर सरकली. डॉ. लहान मुलासारखे हसले. तीस वर्षं वेड्यांचा डॉक्टर म्हणवून घेणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, आजवर मी नुसतं विचारत आलो. आज आत पाहिलं."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी साधी लेक्चरर, थिसिस तीन वर्षं रखडलेला. आज वाटलं, होणार.

८ जानेवारी, गुरुवार

प्रतापनगरात डॉ.चा दवाखाना, बायकांच्या आठ खाटा. आज पहिल्याच पेशंटला भांडण. दिव्याच्या आड रंग नको म्हणून मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तिचं कुंकू पुसायला गेले, तर लीलाबाई मध्ये. लीलाबाई म्हणजे दवाखान्याची आया, अठरा वर्षांची नोकरी, डॉ.सुद्धा तिला वचकून.

"काय करून राहिल्या बाई! सवाशिणीचं कुंकू पुसता? तिचा नवरा जिता हाये अजून!"

"लीलाबाई, यंत्राला..."

"यंत्राले नवरा नाई. तिले हाये."

डॉ. बाहेर निघून गेले, शहाणे! शेवटी तोडगा असा. कुंकू जिचं तिनं स्वतः पुसायचं. लीलाबाई करंडा हातात धरून शेजारी उभी. मोजणं झालं की पेशंटनं खुर्चीवरून उठायच्या आत लीलाबाई कुंकू लावणार. मोकळ्या कपाळानं जमिनीवर पाय ठेवायचा नाही. मी कबूल झाले. वहीत तसा रकानाच आखला, 'कुंकू पुसले / लावले', आणि मनातून खूश की बाई, किती बारकाईनं काम करतेस तू.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचं हळदीकुंकू, सिस्टरांनी पेशंटना तीळगूळ वाटला. आज एकही मोजणी नाही, सगळ्यांची कपाळं लालभडक.

माझ्या वहीत आता दोन गट. आजारी त्या 'आ'. त्यांच्याशी तुलनेला चांगल्या बायका हव्यात, त्या 'श', म्हणजे शहाण्या. 'श'मध्ये सिस्टर्स, माझ्या कॉलेजच्या मुली, हरकरेवहिनी. 'आ' सगळ्या खेड्यापाड्यांतल्या; डॉ. त्यांच्याकडून जवळजवळ काही घेत नाहीत, म्हणून येतात.

'श'ची सुई मजेत सरकते. 'आ'ची अडते. डॉ. येताजाता कागद बघतात आणि गुणगुणतात.

२१ जानेवारी, बुधवार

यमुना आज बसली दिव्याखाली. सव्वीस वर्षांची, नवरा शाळामास्तर, एक मुलगी दोन वर्षांची. बाळंतपणानंतर हिनं बोलणं सोडलं, अन्न सोडलं, लेकीला जवळ घेईना. आता औषधानं पुष्कळ सुधारली आहे, डॉ. म्हणतात महिन्याभरात घरी. दिवसभर लेकीचं नाव. छकू हे करते, छकू ते करते. पाहिलेलं नाही तिनं तिला चार महिने.

भाज्या सांग म्हटलं तर काय सुटली! "वांगे, भेदरं, सांबार, चमकोरा, आंबाडी, तरोटा, पोपटाच्या शेंगा, कोहळं, डांगर..." मिनिट संपलं तरी थांबेना. आजवर दोन्ही गटांत इतकी नावं कोणी सांगितली नाहीत. लीलाबाई म्हणाली, "बाजार मांडला वं पोरीनं!"

सुई मात्र ढिम्म. दोनदा घेतलं. ढिम्म.

वहीत लिहिलं: 'वाणी वेगवान, पण मेंदूचा प्रतिसाद अत्यल्प. तोंड चालते, डोके नाही. आजार आत शिल्लक.' डॉ.ना दाखवलं. म्हणाले, सुरेख निरीक्षण.

३० जानेवारी, शुक्रवार

यमुनाचा नवरा आला होता. डॉ. बाहेरगावी. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं एकदम नम्र. "मॅडम, मी स्वतः विज्ञान शिकवतो, पाचवी ते सातवी. तुम्ही नागपुरात बसून असं संशोधन करता, अभिमान वाटतो." कॉलेजात तीन वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं मी काय करते.

दाखवलं सगळं. दिवा, सुई, कागद. शहाण्या बाईची रेघ आणि त्याखाली यमुनाची.

"सोप्या भाषेत सांगायचं तर, मॅडम?"

"सोप्या भाषेत, पुढचा भाग मंद आहे."

"म्हणजे बरी दिसते, पण बरी नाही?"

"असं म्हणता येईल."

त्यांनी एक नक्कल मागितली. घरी वडिलांना समजावून सांगायला. मी आलेख कागदावर दोन्ही रेघा छान उतरवून दिल्या, लाल शाईनं बाण काढला, खाली नाव, एम.एस्सी., तारीख. त्यांनी कागद रुमालात घडी करून ठेवला आणि वाकून नमस्कार केला. चांगला माणूस वाटला.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याच्या परिषदेत आपला निबंध घेतला! मार्चच्या पहिल्या आठवड्यात. डॉ. वाचणार, मी सोबत. दोन गटांतला फरक इतका स्वच्छ की डॉ. म्हणाले, "नजर लागेल."

यमुना सुटली, पण माहेरच्या माणसानं नेलं. भाऊ आला होता, हुडकेश्वरच्या पुढे शेती करतो. नवरा का नाही आला विचारलं तर भाऊ म्हणाला, "मास्तर म्हंते अजून थांबा." मी काही लक्ष दिलं नाही. आकृत्या काढायच्या होत्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

आई आली गावाहून. मोतीबिंदू दाखवायचा आहे. आल्या आल्या घरातल्या डब्यांची झाकणं उघडून पाहिली. "काय खातं वं तू? ह्या डब्यात तर नुस्ता कागुद हाये." माझ्या यंत्राचे कागद होते, सुईच्या रेघांचे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहायला हवं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून येताना आईला दवाखान्यात नेलं. तिला दाखवायचं होतं लेक काय करते ते. लीलाबाईशी तिचं दोन मिनिटांत गूळपीठ. मग गमतीनं म्हटलं, बस, तुझंही डोकं पाहू.

"मले येडी ठरवतं का काय?"

कुंकू पुसलं तिनं. पट्टा बांधला. भाज्या सांग. आईला भाज्या सांग म्हणजे काय! शेतात जन्म गेला. नावं, त्यांच्या जाती, कोणती कोणत्या महिन्यात येते, कोणती कशात घालायची. लीलाबाई हसून हसून खाली बसली.

सुई ढिम्म.

तारा तपासल्या. पट्टा स्वतःच्या कपाळाला बांधला, सुई बोटभर. पुन्हा आईला, ढिम्म. पुन्हा मला, बोटभर. आणि मी काय केलं? यंत्रावर नाही संशय घेतला. आईवर घेतला. तिला विचारायला लागले, आज वार कोणता, काल काय जेवलीस, माझा जन्म कोणत्या महिन्यातला. आई आधी हसत होती, मग माझं तोंड पाहिलं. म्हणाली, "काय झालं वं? मले काही निंगालं का?"

दहा मिनिटं माझी आई माझ्या वहीत 'आ' होती.

मग घामानं पट्टा सरकला, डाव्या भुवईवर गेला. सुई उडाली. इतकी की शाईचा फराटा उठला. मी पट्टा काढला. आणि पाहिलं.

कपाळाच्या मधोमध चंद्रकोर, तिच्यात तीन ठिपके, खाली उभी रेघ. हिरवं काळं गोंदण. दिव्याची जागा आणि गोंदणाची जागा, एकच. काजळी भरलेली आहे कातडीत! उजेड तिथंच गिळला जातो. आत गेलाच नाही तर परत काय येणार, आणि सुई कशाला हलणार!

आईनं विचारलं, "काय पाहून राहिली? लावू का कुंकू?"

२५ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेज बुडवलं. दवाखान्यात ज्या चौघी आहेत त्यांची कपाळं पाहिली. चौघींच्या कपाळावर गोंदण. ज्या घरी गेल्या त्यांचं लीलाबाईला विचारलं, तिला एकेक चेहरा आठवतो. जवळजवळ सगळ्या. यमुना? "हो ना बापा, तिच्यावर त चांगली तुळस हाये, येवढी." 'श'मध्ये एकीलाही नाही. केरळच्या सिस्टर्स, शहरातल्या पोरी, कुठून असणार.

माझ्या वहीत वय आहे, वजन आहे, गाव आहे, शिक्षण, चहा घेतला का, डोक्याला तेल लावलं का. कुंकवाचा रकाना आहे! गोंदणाचा नाही. कुंकू पुसलं जातं म्हणून ते वरचं. गोंदण पुसलं जात नाही, म्हणून तेच कपाळ. असं काहीतरी झालं असणार डोक्यात.

नाही, खोटं लिहिते आहे. स्वतःच्या वहीत तरी नको.

मला गोंदण दिसायचं बंद झालं त्याला कारण आहे. बी.एस्सी.ला असताना आई होस्टेलच्या फाटकाशी आली होती लाडूंचा डबा घेऊन. एका मुलीनं विचारलं, "ती कपाळावर गोंदलेली कोण गं?" मी म्हटलं, "गावची आहे, ओळखीची." आई पाचसहा हातांवर उभी होती. तेव्हापासून मी त्या कपाळाकडे पाहत नाही, कोणाच्याच तसल्या कपाळाकडे. शिकून शिकून हे शिकले मी. तिनं ऐकलं होतं का, हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ.ना सांगितलं. आईचा कागद समोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला.

"काही केसेस वगळू."

"वगळल्या तर उरतं काय, डॉक्टर?"

"आपण प्राथमिक निष्कर्ष म्हणतोय. पुढच्या निबंधात हा मुद्दा घालू, तोच मोठा शोध ठरेल."

"पण हा निबंध खोटा आहे."

"खोटा नाही. अपुरा." मग आवाज उतरला. "मॅडम, बाई समोर रडत असते आणि मी अंदाजानं गोळी देतो. तीस वर्षं. एकदा तरी हातात काही धरून उभं राहावंसं वाटलं, यात माझं काय चुकलं?"

मला त्यांची दया आली. खरं म्हणजे दया स्वतःचीच आली, त्यांच्या नावावर खपवली. निबंध तसाच राहू दिला.

६ मार्च, शुक्रवार. पुणे

झालं. वाचला. टाळ्या.

मुंबईचे एक म्हातारे प्राध्यापक उभे राहिले. "उजेड आधी कातडीतून जातो. कातडीवर रंग, लेप, काही असेल तर? त्याची काळजी घेतलीत?"

डॉ.नी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी उठले. एवढंच म्हणायचं होतं की नाही, सर, राहून गेलं. चार शब्द.

"हो सर. कुंकू पुसलं होतं. प्रत्येकीचं. तसा वेगळा रकाना आहे."

सभागृहात कौतुकाचं हसू. प्राध्यापक म्हणाले, परदेशी लोकांना हे सुचलं नसतं, घरचीच माणसं हवीत. चहाच्या वेळी मुद्दाम येऊन पाठ थोपटली.

एक शब्द खोटा नव्हता त्यात. शी! हेच जास्त वाईट. परतीच्या गाडीत डॉ. झोपले, मी खिडकीशी. थुंकावंसं वाटत होतं, तोंडात काही नसताना.

१८ मार्च, बुधवार

लीलाबाईनं आज दारातच धरलं. "बाई, तुमी मास्तरले कागुद देल्ता का काही?"

मी म्हटलं, कसला कागद?

"यमुनीचा भाऊ आल्ता. मास्तरनं काडीमोडाची केस टाकली. पोरगी देत नाई म्हंते. म्हंते बायकोचं डोस्कं मंद हाये, सायंटिस्टनं लिहून देल्लं हाये, वकिलाजवळ हाये कागुद."

मी तिथंच म्हणायला हवं होतं, हो, मी दिला. म्हटलं, "पाहते." पाहते! काय पाहणार होते?

२२ मार्च, रविवार

हुडकेश्वरच्या बसनं गेले, पुढे शेताच्या कडेकडेनं चालत. यमुना अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, खाट टाकली. चांगली भरली आहे अंगानं. भाऊ आतून कागद घेऊन आला. कोर्टातून मिळालेली नक्कल. माझा लाल बाण त्यात काळा आला आहे, रेघा तशाच.

"हा तुमचाच ना?"

"माझाच."

"मास्तरांनं साऱ्या गावाले दाखोला," यमुना म्हणाली. "सासू म्हंते, डोक्यात अंधार हाये, लेकरू कशी सांभाळन?"

मग सांगितलं. सगळं, गोंदणाचं, आईचं, पुण्याचंसुद्धा. यमुना आधी हसली. हात कपाळाकडे गेला. "हे? हे त आजीनं जत्रेत गोंदोलं होतं, मी येवढीशी होतो." मग हसू विझलं.

"म्हंजे हे पाहून माही पोरगी ठेवून घेतली त्याइनं?"

मी मान हलवली.

"आन् तुमाले समजलं कवा?"

"फेब्रुवारीत."

तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. भाऊ म्हणाला, "कोर्टात सांगसान का हे?" मी हो म्हटलं. म्हणताना ठामपणे म्हटलं. बस थांब्यावर पोचेपर्यंत थिसिसची आठवण झाली होती.

२४ मार्च, मंगळवार

परिषदेच्या चिटणिसांना पत्र टाकलं. निबंध मागे घ्यावा, दोष माझा, कारण असं असं. टाकल्यावर डॉ.ना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर टाकवलं नसतं.

पहिल्यांदा ओरडले माझ्यावर. "तुम्हाला पाप धुवायचंय, आणि त्याची किंमत माझ्या पेशंटनी द्यायची? कोण येईल उद्या इथे?" मग शांतपणे, "थिसिस विसरा. आणि हे तुमचं यंत्र घेऊन जा." लीलाबाईनं खोक्यात भरून दिलं. खोकं दाराबाहेर ठेवलं आणि आत गेली.

१० एप्रिल, शुक्रवार

यमुनाच्या वकिलाकडे मंगळवारी जबाब लिहून द्यायला जायचं होतं, गेले नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हे कारण. आईचं ऑपरेशन गुरुवारी होतं.

आज यमुनाचा भाऊ कॉलेजात आला. शिपाई सांगायला आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये रिकामी बसले होते. म्हटलं, तासावर आहेत सांग. खिडकीतून त्याला जाताना पाहिलं. धोतराला प्रवासाची धूळ, हातात पिशवी. गेटाशी थांबून वर पाहिलं त्यानं, मी मागे सरले.

किती वेळा तेच करणार आहे मी?

११ एप्रिल, शनिवार

आईच्या डोळ्यावर पट्टी. उशाशी बसून तिला सगळं सांगितलं. तिला दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं. होस्टेलच्या फाटकाचंही सांगितलं.

आई म्हणाली, "आयकलं होतं."

मग म्हणाली, "तवा तू पोरगी होतं. आता काहून करतं?"

दुपारी वकिलाकडे गेले. लेखी दिलं.

१८ जून, गुरुवार

आज कोर्ट. मुलीचा ताबा तात्पुरता कोणाकडे, एवढ्यापुरती सुनावणी.

मास्तर पांढऱ्या सदऱ्यात. मला नमस्कार केला! त्याच्या आईच्या मांडीवर छकू, बिस्किट चोखत. यमुना चार पावलांवर. छकूनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बिस्किटाकडे.

मी सांगितलं. गोंदण, काजळी, उजेड. न्यायाधीशांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. वाटलं, सुटले. मग मास्तरचा वकील उठला, अगदी गोड आवाज.

"म्हणजे बाईंचा मेंदू निकोप आहे, असं तुमचं यंत्र सांगतं?"

"नाही. तसं सांगता येत नाही."

"मग आजारी आहे?"

"तेही सांगता येत नाही. उजेड आत पोचलाच नव्हता."

"मग तुम्हाला काय सांगता येतं, मॅडम?"

"काहीच नाही."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. वकील बसला. "एवढंच, युवर ऑनर."

एक वाक्य जास्त बोलता आलं असतं. की भाज्यांची सगळ्यांत जास्त नावं तिनं सांगितली. की दवाखान्यात ती दिवसभर फक्त छकूचंच बोलत होती. की मी तिला तूर पाखडताना पाहिलं, ती चांगली आहे. हे मला माहीत होतं, यंत्राशिवाय माहीत होतं. पण विचारलं यंत्राचं, आणि मी यंत्राचंच उत्तर दिलं, मोजूनमापून, अचूक. त्या वेळी सुचलं नाही. की सुचलं आणि पुन्हा चूक होईल म्हणून भ्याले, ते कळत नाही.

छकू आजीकडेच राहणार, निदान पुढच्या तारखेपर्यंत.

बाहेर व्हरांड्यात यमुनाला गाठलं. म्हटलं, यमुना, मला खोटं बोलता येत नव्हतं तिथे.

ती माझ्याकडे नीट पाहत होती. रागानं नाही. कुंकू लावलं होतं, त्याच्यावर तुळस.

"कागुद देतानी त तुमाले सारं समजत होतं, बाई," ती म्हणाली.

भावानं तिला हाक मारली, बस निघायची होती. ती गेली.

१९ जून, शुक्रवार

कॉलेज. दोन तास घेतले, प्रकाशाचं अपवर्तन. मुलींना फळ्यावर आकृती काढून दिली.

पुढची तारीख १६ जुलै. यमुनाच्या वकिलाकडे जाऊन विचारलं, मला पुन्हा उभं करता येईल का, यंत्राचं सोडून बाकीचं सांगायला. म्हणाला, करता येईल, पण मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही, नातेवाईक नाही, तुम्ही कोण म्हणून सांगणार? आणि बाईंना तुम्ही परत नको असाल तर?

म्हटलं, तिला विचारते.

रविवारी हुडकेश्वरला जायचं आहे. तिनं या म्हटलेलं नाही. येऊ नका, असंही म्हटलेलं नाही.